आधी नळी, मग टावर



ग्रुपवर टावर चौकाच्या आठवणी येतात त्या बहुतेक खाण्यापिण्याच्या. आमच्या घरातल्या आठवणीला मात्र बारुदीचा वास आहे.

घर टावर चौकामागच्या गल्लीत, शेती गावाला. रोझडी पिकात शिरायची म्हणून आजोबांकडे (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) परवान्याची ठासणीची बंदूक होती. इकडे तिला भरमार म्हणतात. अण्णा नुसता बार काढून रोझडी पळवायचे. दसऱ्याला पूजा झाली की शेतात मडकं ठेवून नेम धरायचे. संध्याकाळी घरी परतल्यावर आम्हा पोरांना टावरला जायची घाई. अण्णांचं ठरलेलं उत्तर, "आधी नळी, मग टावर."

महाकालच्या सवारीपुढे कडाबीन वाजते, तो धूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ती काळी बारूद. तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात उरतं. काही धुराबरोबर जातं, बाकीचं नळीला आतून चिकटतं. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाते. म्हणून सफाई त्याच दिवशी, उद्यावर नाही.

अण्णांची रीत साधी. गोळीभोवती सुती चिंधी, तिला मेण आणि तिळाच्या तेलाचं मिश्रण, म्हणजे काजळी मऊ राहते. दर बारानंतर गजाला ओलसर चिंधी लावून नळी पुसायची, मग कोरडी फिरवायची. आत ठिणगी राहिली असेल तर तीही विझते. घरी आल्यावर कढत पाणी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ही काजळी पाण्यात विरघळते, आणि तापलेली नळी लवकर सुकते. शेवटी तेलाचा हलका हात. न धुता वरून तेल चोपडणं म्हणजे घाणीवर पांघरूण घालणं, असं ते म्हणायचे.

एका दसऱ्याला काकांनी न पुसता लागोपाठ पाच बार काढले. सहावी गोळी मध्येच अडकली. गोळी बारुदीवर नीट बसली की गज कुठवर जातो, त्याची खूण अण्णांनी गजावर कोरून ठेवली होती. ती खूण चार बोटं बाहेर राहिली.

काका म्हणाले, "उडवून टाकतो, निघेल."

मी आणि चुलतभाऊ त्यांच्या शेजारीच उभे होतो. अण्णांनी बंदूक हातातून काढून घेतली. आवाज चढवला नाही. "गोळी आणि बारूद यांच्यात पोकळी राहिली की नळी फाटते रे. पोरं बघ कुठे उभी आहेत." कानातून पाणी घालून त्यांनी बारूद भिजवली आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू लावून गोळी उपसली. त्यानंतर काकांनी कधी चिंधी विसरली नाही.

पुढे शाळेत १८५७ शिकताना मला हीच काजळी भेटली. १८५३ च्या एनफिल्ड रायफलच्या नळीत आटे होते, तिथे घाण आणखी धरायची. गोळी सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. ती कशाची, यावरून शिपायांचा विश्वास उडाला. जानेवारी १८५७ मध्ये, हवं ते वंगण स्वतः लावा, अशी मुभा निघाली, पण उशीर झाला होता. अण्णांचं मेण-तेल हे त्या वेळीही चाललं असतं, असं वाटून गेलं.

अण्णा गेले. परवाना पुढे कुणी घेतला नाही, बंदूक नियमाप्रमाणे जमा केली. आदल्या रात्री काकांनी नळीत टॉर्च मारला. इतक्या वर्षांनी आत एक ठिपका नव्हता. काका बराच वेळ बघत बसले.

तुमच्याकडे दसऱ्याच्या पूजेत अशी जुनी बंदूक येत असेल, तर एक विनंती. आधी ती रिकामी आहे का हे जाणकाराकडून बघून घ्या. नळीत गज टाकून, बाहेरून तो कानापर्यंत पोचतो का हे मापलं की कळतं. जुन्या बंदुका भरलेल्या सापडतात. कुंकू त्यानंतर लावा.