वाऱ्याच्या शोधांत : गोंदिया ते चाळकेवाडी

आमची वडिलोपार्जित शेती गोंदिया जिल्ह्यांत आमगांवच्या बाजूस आहे. चार भावांचें एकत्र कुटुंब. सातबाऱ्यावर अकरा नांवें. गेल्या वैशाखांत थोरल्या पुतण्यानें पंक्तींतच विषय काढिला, "काका, धानाच्या बांध्यांतून उरतें काय? पवनचक्क्यांस जमीन दिली तर घरबसल्या भाडें येईल." बंधूंस तें पटलें. मला पटलें नाहीं. परंतु नाहीं म्हणावयास आधार हवा. म्हणून आषाढांत पुतण्यास घेऊन मी साताऱ्यास निघालों. गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्यावरूनच जाते, ही एक सोय.

सज्जनगडीं समर्थांच्या समाधीचें दर्शन घेऊन ठोसेघरमार्गें चाळकेवाडीचें पठार गांठलें. उंची हजार मीटरांहून अधिक. छत्री उघडली तोंच उलटी झाली, आणि उपरणें धरतां धरतां टोपी गेली. धुक्यांत पांढरे स्तंभ उभे. पातीं दिसेनात, नुसती घरघर ऐकूं येई. पश्चिम समुद्रावरून आलेला पावसाळी वारा सह्याद्रीच्या कड्यास अडून वर चढतो व या उघड्या माथ्यावर मोकाट सुटतो. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून येथें व शेजारच्या वनकुसवडे पठारावर शेंकडों चक्क्या उभ्या राहिल्या.

एका वृद्ध शेतकऱ्यानें ओसरीवर बसवून चहा दिला. "गुरुजी, आम्हीं दलालाला विकून टाकली. तेव्हां या कातळाला कोण विचारीत होतं? आतां चक्क्या फिरतात, त्या आम्ही मोजतों." पुतण्या पुष्कळ वेळ बोलला नाहीं.

जमीन विकणें, ठराविक मुदतीच्या पट्ट्यानें देणें, किंवा स्वतः चक्की उभारणें, असे तीनच मार्ग. तिसऱ्यास कोट्यवधि रुपये लागतात. तो आपल्यासारख्यांस बंद. पट्टा सर्वांत शहाणपणाचा, कारण पाया, रस्ता व तारा यांपुरती जागा जाऊन उरलेलींत पीक घेतां येतें. मात्र भाडेवाढ किती आणि मुदत संपल्यावर पाया कोणीं उकरावयाचा, हें करारांत आधींच लिहून घ्यावें. एकत्र कुटुंबांत सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, हें वेगळें सांगावयास नको.

परंतु या सर्वांआधीं वारा हवा! त्याची शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग निम्मा झाला कीं शक्ति अष्टमांश उरते. गोंदियाचा सपाट मुलूख जेमतेम ३०० मीटर उंच, समुद्र शेंकडों कोस दूर. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था वाऱ्याचे नकाशे प्रसिद्ध करते. चक्क्यांस जोगा वारा सातारा, सांगली, धुळे या बाजूस आहे, आमच्याकडे नाहीं. कालिदासाच्या मेघास हळूंहळूं ढकलणारा वारा मंदच होता, आणि त्याचा रामगिरि म्हणजे रामटेक असें मानतात. तें आमच्याहून फारसें लांब नाहीं.

ऊन मात्र आमच्याकडे विपुल. राज्य शासनाची २०१७ सालची मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना आहे. तिच्या २०२३ च्या सुधारित रूपांत हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें व दरसाल ३ टक्के वाढ ठरविलेली आहे. अट ही कीं, जमीन वीज उपकेंद्राजवळ असावी. सौर पाट्यांखालीं धान पिकत नाहीं. तेव्हां बांध्यांस हात लावूं नये, पडीक जागेचाच विचार करावा, असें मीं पुतण्यास सांगितलें.

परततांना नागपूर मागें पडल्यावर पाण्यानें भरलेल्या बांध्या लागल्या. रोवणी चालली होती. पुतण्या खिडकींतून पाहत म्हणाला, "काका, आपल्या चार एकर मुरमाड तुकड्यापासून उपकेंद्र किती लांब असेल?"

"उद्यां मोजून पाहूं," मीं म्हटलें.