पैसा अमर्याद, गावठाण शाबूत

'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवण्याचा खेळ 2015 साली आला, तो चीटची सोय सोबत घेऊनच. 'अनलिमिटेड मनी' हा मॉड, म्हणजे खेळाचे नियम बदलणारी जोडणी, मूळ खेळातच असतो. तो चालू केला की तिजोरीला तळ राहत नाही. अचीव्हमेंट मिळणं बंद होतं, एवढीच काय ती शिक्षा. एकट्याने खेळायच्या खेळात फसवणार तरी कुणाला?

राहायला मी नेरुळला, त्यामुळे खेळातही वसवतो नवी मुंबईच. मूळ खेळ जमिनीचे जेमतेम नऊ चौकोन घेऊ देतो, प्रत्येकाची बाजू 1.92 किलोमीटर. '81 टाइल्स' मॉड टाकून सगळा नकाशा खुला केला, तरी क्षेत्र 300 चौरस किलोमीटरच्या आतच. सिडकोने आखलेल्या खऱ्या नवी मुंबईचं आहे 344.

पैशाची चिंता मिटली की खरं दुखणं वर येतं: ट्रॅफिक. सहापदरी रस्ता द्या, तरी सगळे ट्रक पुढच्या वळणासाठी एकाच लेनमध्ये रांग लावणार आणि बाकीच्या लेन मोकळ्या. तिथे पैसा ओतून भागत नाही. 'ट्रॅफिक मॅनेजर' मॉड घेऊन चौकाचौकात लेनचे बाण बदलत बसावं लागतं. मला खेळायचं असतं ते हेच.

बुलडोझर मात्र खेळ बिनशर्त हाती देतो. घरावर क्लिक केलं की घर गेलं. ना नोटीस, ना मोर्चा. प्रत्यक्षात नवी मुंबईच्या जमिनीवर 95 गावं होती, आणि त्यांची जमीन शहरासाठी घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जासई-दास्तान फाट्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. खेळातलं सगळ्यात मोठं चीटिंग हा बुलडोझर आहे, आणि ते बंद करायचं बटण कुठेच नाही.

म्हणून माझा नियम असा: आधी अरुंद, वाकड्या गल्ल्यांची गावठाणं बसवायची, शेजारी साडेबारा टक्के जागा राखायची, मग सेक्टर आखायचे. रस्त्याची सरळ रेघ गावाला भिडली तर रेघेने वळायचं.

मित्र म्हणतात, पैसे फुकट घेतोस आणि वर नियम सांगतोस. घेतो की! हिशेबाची कटकट मला नको असते, आखणीची हवी असते. 'हार्ड मोड' लावला की सगळं महाग होतं, इतकंच. गाव जागेवर ठेवून त्याच्या कडेने रस्ता काढायला त्याहून जास्त डोकं लागतं.