मोरांच्या गावाला

बीड जिल्हा म्हटलं की दुष्काळ आठवतो ना? पण याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, खास मोरांसाठी राखलेलं रान आहे. नायगाव मयूर अभयारण्य! १९९४ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर.

चैत्रातल्या एका सकाळी चौथीची मुलं घेऊन आम्ही तिथं पोचलो. बालाघाटचे उघडेबोडके डोंगर, बोरी-बाभळी, वाळलेलं गवत. तेवढ्यात केका घुमली, "म्याऽऽओ!"

वनरक्षककाकांनी रान फिरवून दाखवलं. उतारावर समतल चर खणलेले. पावसाचं पाणी त्यांत अडतं, जमिनीत मुरतं. मध्ये मध्ये गवत काढून मोकळे पट्टे ठेवलेले. त्या जाळरेषा. वणवा लागला तर पुढं जळायला काही उरत नाही, म्हणून तो तिथं अडतो. शिवाय रानात पाणवठे बांधलेले. उन्हाळ्यात ते टँकरनं भरावे लागतात.

"पण काका, मोर आमचं पेरलेलं बी उकरून खातात," एक पोरगा म्हणाला.

काका हसले नाहीत. म्हणाले, "खरंय बाळा. रानातच चारापाणी मिळालं, तर तो शिवारात कमी येईल. म्हणून तर ही खटपट. अन् मोराला मारायचं नाही. तो आपला राष्ट्रीय पक्षी. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे."

पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाणी नसलं की आम्हीबी ऊसतोडीला जातो. मोर कुठं जाणार?"

निघताना मुलांनी बाटल्यांतलं उरलेलं पाणी पाणवठ्यात ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं.