मीटर बरोबर, दर चूक

वीजबिल जास्त आलं की घरातला पहिला संशय मीटरवर जातो. 'मीटर पळतंय' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते ऐकताच मी बिलाची मागणी करतो. लोक तोवर सगळं करून चुकलेले असतात. मेन स्विच बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का हे पाहिलेलं असतं, शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलेलं असतं, गीझर चालू ठेवणाऱ्या मुलाची खरडपट्टी काढून झालेली असते. बिल मात्र कुणी वाचलेलं नसतं. रक्कम आणि भरायची शेवटची तारीख, एवढंच.

वीजबिलं तपासणं आणि ग्राहकांची बाजू गाऱ्हाणे निवारण मंचापुढे मांडणं हे माझं काम आहे. या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मीटर युनिट बरोबर मोजतं, आणि त्या बरोबर मोजलेल्या युनिटांना भलताच दर लागतो. युनिटांची चूक एखाद्या महिन्यात डोळ्यांत भरते, कारण बिल एकदम फुगतं. दराची चूक दर महिन्याला तेवढीच असते, म्हणून ती घरखर्चात मुरून जाते.

महावितरणच्या बिलावर 'दर संकेत' अशी एक छोटी नोंद असते. साध्या घराच्या बिलावर तिथे '90/एलटी-1 रेस 1-फेज' असं काहीसं छापलेलं असतं. थ्री-फेज घरगुती असेल तर 92, छोटं दुकान असेल तर 52. तुम्ही घरगुती आहात की वाणिज्यिक, स्थिर आकार किती, युनिटचा भाव काय, वीज शुल्क किती टक्के, हे सगळं या दोन आकड्यांवर ठरतं. घरगुती ग्राहकाला वीज शुल्क 16 टक्के, वाणिज्यिक ग्राहकाला 21 टक्के. म्हणजे दर चुकला की त्यावरचा करही चुकतो.

एकाच तारेतून येणाऱ्या विजेला दोन भाव का, हा प्रश्न रास्त आहे. 2003च्या विद्युत कायद्याचं कलम 62(3) सांगतं, की दर ठरवणाऱ्या विद्युत नियामक आयोगानं ग्राहकाग्राहकांत पक्षपात करायचा नाही. पण वापराचा हेतू, भार, पुरवठ्याचं स्वरूप अशा कारणांवरून वेगळे दर लावता येतील. त्या 'हेतू'वरच सगळी वर्गवारी उभी आहे. दुकानदार आणि कारखानदाराकडून थोडं जास्त घ्यायचं आणि शेतकऱ्याला, गरीब घराला थोडं स्वस्त द्यायचं, याला क्रॉस सबसिडी म्हणतात. धोरण म्हणून ते योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. आपला मुद्दा एवढाच, की आपण ज्या रांगेत उभे आहोत ती आपलीच आहे ना.

आता हिशेब मांडतो. त्यासाठी महावितरणचे 2024-25चे दर घेतो. पुढे दर बदलले, पण गणिताची रीत तीच राहिली. घरगुती सिंगल फेजला स्थिर आकार महिना 128 रुपये. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300ला 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500ला 14 रुपये 55 पैसे आणि त्यापुढे 16 रुपये 64 पैसे. प्रत्येक युनिटवर 1 रुपया 17 पैसे वहन आकार वेगळा. म्हणजे 100 युनिटांच्या घराला 588 अधिक 128, असे 716 रुपये, त्यावर वीज शुल्क. हेच घर चुकून वाणिज्यिक यादीत असेल तर स्थिर आकारच पाचशेच्या आसपास जातो आणि पहिल्या युनिटापासून भाव वहन आकारासह नऊ-दहा रुपये. बिल दुप्पट होतं. आणि ज्याचा वापर कमी, त्याला ही चूक सर्वांत महाग पडते. एकटी राहणारी निवृत्त बाई, दोन दिवे आणि एक पंखा असलेलं घर, त्यांना.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. महिन्याला पाचशेच्या वर युनिट जाळणाऱ्या घराला घरगुती दर वाणिज्यिकपेक्षा महाग पडतो, कारण घरगुती दराचे वरचे टप्पे चढत जातात आणि छोट्या दुकानाचा भाव सपाट असतो. म्हणून कुणी मला विचारतं, 'मग वाणिज्यिकच करून घेऊ का?' नाही. दर निवडायची मुभा ग्राहकाला नाही. वापर काय आहे, त्यावर दर ठरतो. मुंबई उपनगरातल्या ग्राहकाला कंपनी निवडता येते. 2008च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2009पासून तिथे एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. उरलेल्या महाराष्ट्रात तीही सोय नाही. त्यामुळे आपल्याकडे चुकीचा दर म्हणजे चुकीची निवड नव्हे, चुकीची नोंद.

ही चुकीची नोंद कुठे सापडते? सर्वांत जास्त, वापर बदललेल्या जागांत. रस्त्याकडेचा गाळा बंद झाला, भावांच्या वाटण्या झाल्या, गाळ्यात धाकट्याचा संसार लागला. मीटर मात्र दुकानाचंच राहिलं. नवीन इमारतीत बिल्डरनं बांधकामासाठी घेतलेली जोडणी तशीच जिन्याच्या दिव्यांना आणि पाण्याच्या पंपाला जोडून दिली आणि बिल्डर गेला. सोसायटीच्या सामायिक सोयी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे व आवारातले दिवे, पार्किंग, फक्त राहणाऱ्यांसाठी असतील तर त्या घरगुती वर्गात येतात. बारा-पंधरा बिऱ्हाडांच्या बिनलिफ्टच्या इमारतीला हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरा मोठा गट घरून काम करणाऱ्यांचा. इथे लोकांचे, आणि क्वचित वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांचेही, गैरसमज दाट आहेत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशात घरगुती वर्गात कोण कोण येतं याची यादी असते. ती वाचण्यासारखी आहे. वकील, डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल असे व्यावसायिक राहत्या घरात आपला व्यवसाय करत असतील तर दर घरगुतीच. शुश्रूषागृह किंवा रुग्णालय मात्र चालत नाही. घरच्यापुरती चालवलेली सिंगल फेज घरघंटी घरगुतीच. केवळ पूजेअर्चेसाठी असलेलं मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा घरगुती. वृद्धाश्रम, वसतिगृहंही त्याच यादीत. राहत्या घराची डागडुजी चालू असेल आणि त्या महिन्याचा वापर 500 युनिटांच्या आत असेल, तर वेगळ्या दराची गरज नाही.

आणि यादीतली सर्वांत उपयोगी नोंद ही: घराच्या एखाद्या भागात शिवणकाम, पार्लर, शिकवणी, पापड-लोणच्यांचा उद्योग असं काही चालत असेल, पण महिन्याचा वापर 300 युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3,600 युनिटांपर्यंत असेल, तर दर घरगुतीच राहतो. शिलाई मशीन दिसलं म्हणून जोडणी वाणिज्यिक झालेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. त्यांना कुणी ही नोंद दाखवलीच नव्हती. मात्र मर्यादा ओलांडली, की पुढे ही सवलत नाही. आणि सरळ दुकान थाटून घरगुती मीटरवर चालवणं हा कलम 126खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी दुप्पट दरानं होते. वापर कधीपासूनचा ते ठरवता येत नसेल तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची. 'सगळेच करतात' हे उत्तर तिथे चालत नाही.

तिसरी चूक दरसंकेत बरोबर असूनही होते. ती टप्प्यांची. दारं बंद होती, वाचन झालं नाही, बिलावर मीटर स्थिती 'लॉक' किंवा 'फॉल्टी' अशी आली आणि दोन महिन्यांचा वापर एका बिलात धरला गेला, असं समजा. महिना 100 युनिटांचं घर. दोन महिन्यांचे 200 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर पहिल्या 100चे 588 आणि पुढच्या 100चे 1,146, मिळून 1,734 रुपये. महिन्यांत नीट वाटले तर दोनदा 588, म्हणजे 1,176. फरक 558 रुपये. 16 टक्के शुल्क धरून 647. वीज तेवढीच वापरली. 2020च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबलं आणि जूनमध्ये साठलेली बिलं आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, तो नेमका याच शंकेवरून. त्या वेळी महावितरणनं टप्पे महिन्यांनुसार विभागल्याचं स्पष्टीकरण दिलं होतं. विभागले आहेत की नाही, हे प्रत्येकानं आपल्या बिलाच्या मागच्या पानावर पाहायचं असतं. 'सरासरी' बिल आलेल्या घरांनी तर नंतरच्या वाचनाच्या बिलात वजावट नीट झाली का हे जरूर पाहावं.

टप्प्यांचा आणखी एक फटका एकत्र घरांना बसतो. वरच्या मजल्यावर थोरला, खालच्यावर धाकटा, चुली वेगळ्या, मीटर एकच. महिना 600 युनिट. त्याचे वीज आणि वहन आकार मिळून 7,805 रुपये होतात. 300-300 युनिटांची दोन मीटरं असती तर 5,760. दुसरा स्थिर आकार 128 रुपये धरला तरी महिन्याला 1,900च्या वर बचत, शुल्क वेगळं. पण त्यासाठी जागा खरोखर वेगळी असावी लागते: स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र स्वयंपाकघर, मालकीचा किंवा भाडेकराराचा वेगळा कागद. एकाच बिऱ्हाडात नुसते टप्पे फोडायला दुसरं मीटर मागितलं तर ते मिळत नाही, आणि मिळू नये. याउलट थ्री-फेज जोडणी घेतलेल्यांनी विचार करावा. पूर्वी मोठा पंप होता म्हणून घेतलेली थ्री-फेज, पंप जाऊन वर्षं झाली तरी तशीच असते. तिचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे.

आता पैसे परत मिळतात का? मिळतात. विद्युत कायद्याचं कलम 62(6) स्पष्ट आहे: आयोगानं ठरवलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम ग्राहकाला बँक दरानं व्याजासह परत मिळायला हवी. पण घड्याळ चालू असतं. गाऱ्हाणे मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दहा वर्षं जास्त भरलं आणि आज लक्षात आलं, तर सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मी कुणाला दाखवत नाही.

कंपनीच्या बाजूनं चूक उलटी झाली असेल, म्हणजे तुम्हाला कमी दर लागला आणि लेखापरीक्षणात ते सापडलं, तर काय? आयोगानं 11 फेब्रुवारी 2003च्या आदेशात सांगितलं आहे, की अचानक वर्गवारी बदलून मागची थकबाकी काढता येणार नाही. वर्गवारी बदलताना ग्राहकाचं म्हणणं ऐकायला हवं आणि वसुली पुढच्या काळाचीच. पुढे फेब्रुवारी 2020मध्ये अजमेर वीज वितरण निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे चुकीच्या दरसंकेताचाच प्रश्न आला. न्यायालयानं म्हटलं, की चूक सापडल्यावर कंपनी दोन वर्षांनंतरही जादा मागणी काढू शकते. पण त्या मागणीसाठी वीज तोडण्याचा अधिकार तिला नाही. हे दोन्ही निर्णय जवळ ठेवावेत. 'भरा, नाहीतर उद्या कनेक्शन कट' या धमकीपुढे ते उपयोगी पडतात.

तक्रारीची वाट अवघड नाही. आधी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज: ग्राहक क्रमांक, सध्याचा दरसंकेत, खरा वापर, सोबत घराचा कागद आणि जागेचे फोटो. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्यायचीच; तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. वर्गवारी बदलाच्या अर्जाचा परिणाम दुसऱ्या बिलापर्यंत दिसायला हवा. नाही दिसला तर गाऱ्हाणे निवारण मंच. मंचाचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही. कागद लागतात.

चुकीच्या वर्गवारीची किंमत आता आणखी वाढली आहे. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या छतावरच्या सौरसंचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण ते घरगुती ग्राहकाला. 1 जुलै 2025पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली, तीही घरगुतीलाच. कागदावर दुकान असलेलं घर या दोन्ही दारांशी अडतं.

म्हणून एक विनंती. घरातलं शेवटचं बिल काढा आणि पाच नोंदी तपासा: दरसंकेत, फेज, मंजूर भार, मीटरची स्थिती आणि बिलाचे महिने. स्वतःच्या घराचं झालं की आईवडिलांच्या गावाकडच्या घराचं पाहा. तिथलं बिल बऱ्याचदा कुणीच वाचत नाही. चूक दिसली तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. कंपनी स्वतःहून येऊन तुमचा दर कमी करून देत नाही, मागणाऱ्याला मात्र तो द्यावा लागतो.