पिस्टनचे कवच

मिरकरवाडा बंदराजवळ दुरुस्तीसाठी उघडलेले होडीचे डिझेल इंजिन आम्ही पाहिले. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तो हलका पिस्टन माथ्यावर करडा, बाजूंस काळा होता. लोखंडास गंज खातो. ॲल्युमिनियमचा गंज मात्र त्याचेच कवच होतो. हवेत आपोआप चढणारा हा थर फार पातळ. म्हणून पिस्टनचा माथा गंधकाम्लात बुडवून, वीज खेळवून तो जाड करितात. धातू वितळतो सुमारे ६६० अंश सेंटिग्रेडवर, हा थर २,००० च्याही पुढे. ज्वालेने माथ्यास तडे जाण्याचे भय त्याने कमी होते. काळा लेप ग्रॅफाइटाचा. इंजिन सुरू होताना तेल पोहोचेपर्यंत घर्षण तोच सोसतो. भर समुद्रात पिस्टन अडकून बसला, तर यांत्रिक होडीवर शीड तरी कोठले? आणि नवल असे, की आमच्या घरांच्या जांभ्या चिऱ्यांतही लोखंडाच्या तांबड्या गंजाबरोबर ॲल्युमिनियमचा गंज, पाण्याशी संयोग पावून, भरलेला आहे.