आटे बसले, पिन टेकली का?

शाळेच्या स्मरणिकेत वॉकीटॉकीच्या अँटेनाच्या जोडावर लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु याच शाळेच्या कार्यशाळेत आम्ही प्रथम सोल्डरची इस्तरी हाती धरली, तारेचे टोक खरवडून साफ केल्याविना डाग धरत नाही हे शिकलो, आणि पुढे आपापल्या नोकऱ्या-व्यवसाय सांभाळून हौशी रेडिओचालकाची परीक्षा देऊन परवाना मिळविला. निरनिराळ्या तुकड्यांतील आम्ही काही माजी विद्यार्थी गेली काही वर्षे पावसाळ्यात एक लहानसे काम करीत आलो आहोत. त्या कामात जे हाताशी लागले ते येथे नोंदवावे, म्हणजे आमच्या मागून येणाऱ्यांस उपयोगी पडेल, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काम असे. सह्याद्रीच्या उतारावरील एका वाडीतील शाळेशी दररोज सायंकाळी सात वाजता रेडिओवरून बोलणे, आणि सर्व ठीक आहे ना, एवढे विचारणे. वाडीतील गुरुजी आमच्याच वसतिगृहात वाढलेले, आणि तेही परवानाधारक. याला आम्ही आपापसांत ‘हजेरी’ म्हणतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविले, हेही आम्ही ज्येष्ठांकडून ऐकले होते. मोबाइलचा मनोरा विजेवाचून बंद पडतो. अशा वेळी दोन संच आणि दोन अँटेना पुरतात. मात्र त्या दोहोंमधला जोड शाबूत असावा लागतो.

आमची मांडणी साधी आहे. तालुक्याच्या गावी एका घराच्या गच्चीवर मोठी अँटेना आणि २५ वॅटचा संच. वाडीत ५ वॅटची वॉकीटॉकी. आम्ही १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतो. तेथे लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणजे तिचा चतुर्थांश जवळपास अर्धा मीटर. संचासोबत मिळणारी रबरी अँटेना वीतभर लांबीची असते. ती खिशात मावते, पण तिचे बळ बेताचेच. म्हणून वाडीत शाळेच्या छपराशी बांबूवर उंच अँटेना बांधली आहे आणि तिची केबल खिडकीतून आत घेतली आहे. संचाच्या माथ्यावरील कनेक्टर लहान, एसएमए जातीचा. केबलीचा कनेक्टर जाड आणि मोठा. या दोहोंना जुळविणारा अंगठ्याच्या पेराएवढा पितळी तुकडा म्हणजे अ‍ॅडॅप्टर. सगळ्या मांडणीत सर्वांत स्वस्त वस्तू तीच.

एका ऑगस्टमध्ये दुपारपासून मुसळधार पाऊस लागला. उतारावरील काही कुटुंबे खबरदारी म्हणून शाळेत येऊन राहिली. माणसांना जागा करून देण्यासाठी संच टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला गेला. सात वाजता आम्ही हाक दिली. उत्तर आले नाही. पुन्हा हाक दिली. कानी नुसती खरखर. मोबाइल तर दुपारीच बंद पडला होता. त्या पंधरा मिनिटांत आमच्या मनात काय काय येऊन गेले ते लिहिण्याचे कारण नाही. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची माणसे आहेत त्यांना ते ठाऊक आहे.

तेव्हा आमच्यातील एकाने संचाचा स्क्वेल्च पूर्ण उघडला. स्क्वेल्च म्हणजे दुबळा आवाज व खरखर दाबून टाकणारी चाळण. ती उघडल्यावर खरखर मोठी झाली, आणि मधूनच ती किंचित मवाळ होते आहे असे जाणवले. एफएम पद्धतीत येणारी लहर फार क्षीण असली तर शब्द कळत नाहीत, परंतु लहर आहे एवढे खरखर शमण्यावरून ओळखू येते. वाडी बोलत होती. शब्द मात्र आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते. आम्ही सावकाश म्हणालो, “गुरुजी, आमचे ऐकू येत असेल तर बटण एकदा दाबून सोडा.” खरखर एकदा शमली. “सर्व सुखरूप असतील तर एकदा, नसतील तर दोनदा.” एकदा. “कोणी आजारी?” पुन्हा एकदा शमली. म्हणजे कोणीतरी आजारी होते.

ते आम्हाला ऐकत होते आणि आम्हाला ते ऐकू येत नव्हते, असे का व्हावे? मधला डोंगर तर दोघांनाही सारखाच. फरक शक्तीचा होता. आमचे २५ वॅट, त्यांचे ५. जोड तुटका असला तरी अगदी जवळ आलेल्या दोन धातूंमधून थोडी लहर पाझरते. त्या पाझरावर आमचा मोठा आवाज त्यांच्यापर्यंत जाई. त्यांचा लहान आवाज वाटेतच विरे. म्हणून ‘ऐकू येते, अर्थी अँटेना ठीक आहे’ हा समज फसवा आहे. जवळचे किंवा जोरकस केंद्र जोड तुटलेला असतानाही ऐकू येते. परीक्षा बोलण्याने करावी, आणि दूरच्या माणसाशी बोलून करावी.

आम्ही गुरुजींना सांगितले, की बटण दाबू नका, संच बंद करा, अ‍ॅडॅप्टर केबलीसह काढा, संचाची मूळची रबरी अँटेना लावा आणि व्हरांड्याच्या टोकाशी उभे राहा. पाच मिनिटांनी तुटक, पण समजेल असा आवाज आला. शाळेत सत्तावीस माणसे होती. एका आजींना धाप लागत होती, बाकी सर्व बरे होते. तालुक्याच्या दवाखान्याला निरोप गेला आणि पहाटे पाऊस ओसरताच गाडी पायथ्याशी येऊन उभी राहिली. आजी पुढे बऱ्या होऊन घरी परतल्या.

वीतभर अँटेना बांबूवरच्या अँटेनाहून सरस ठरली, याचा अर्थ एकच: दोष मोठ्या अँटेनाकडे जाणाऱ्या वाटेत होता. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक जण मल्टिमीटर व नवा अ‍ॅडॅप्टर घेऊन वाडीत गेला. जुना अ‍ॅडॅप्टर बाहेरून निर्दोष दिसत होता. आटे स्वच्छ, पकड घट्ट. भिंगातून पाहिल्यावर दोष दिसला. त्या संचावर मधोमध पिन आहे आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये तिच्यासाठी भोक. त्या भोकात चिरलेली बारीक नळी असते. तिच्या पाकळ्या पिनेला चिमटीत धरतात. कट्ट्यावरून जाड केबलीचा ओढ तिरपा बसल्याने पाकळ्या फाकल्या होत्या. पिन आत शिरत होती, पण कोणाला टेकत नव्हती.

तेव्हापासून आमचा तपासाचा क्रम ठरला आहे. सर्वांनी तो ध्यानी ठेवावा.

पहिली पायरी आम्ही त्या रात्री केली तीच. अ‍ॅडॅप्टर काढून मूळची अँटेना लावावी. सुधारणा झाली तर संच निर्दोष. न झाली तर बॅटरी, वारंवारता व टोन यांची मांडणी पाहावी. अँटेनावाचून वा शंकास्पद जोडावर बोलण्याचे बटण दाबून धरू नये. बाहेर न जाणारी शक्ती परत फिरते आणि संचाच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापविते.

दुसरी पायरी डोळ्यांची. विजेरी घेऊन दोन्ही तोंडे पाहावीत. एका बाजूला पिन तर समोर भोक हवे. येथे बाजारात फार गोंधळ होतो. याएसू व आयकॉमच्या एसएमए जोड असलेल्या वॉकीटॉकींवर संचाच्या बाजूस भोक असते आणि अँटेनावर पिन. बाओफेंगच्या यूव्ही-५आर संचावर नेमके उलट. त्यात भर म्हणून वाय-फायच्या उपकरणांसाठी ‘आरपी-एसएमए’ नावाची जात आहे. तिचे आटे हुबेहूब एसएमएचे, पण पिन व भोक यांची अदलाबदल केलेली. ती एसएमएवर सुरेख फिरून घट्ट बसते आणि आत भोकासमोर भोक येते. किंवा पिनेसमोर पिन येऊन दोन्ही चेमटतात. म्हणून पुडीवरचे नाव वाचून थांबू नये. आत डोकावून पाहावे.

तिसरी पायरी बोटांची. आटे हलक्या हाताने फिरवावेत. एक-दोन फेऱ्यांतच अडले तर जोर लावू नये. आटे तिरपे चढत असतील किंवा अ‍ॅडॅप्टरची रुंद कड संचाच्या प्लास्टिक कवचावर आधीच टेकली असेल. काही संचांत कनेक्टर खळग्यात असतो. तेथे रुंद अ‍ॅडॅप्टर वरच अडतो, हाताला घट्ट वाटतो आणि आत पिन पुरती पोहोचत नाही. पक्कड कधीही वापरू नये. बोटांनी जेवढे घट्ट होते तेवढे पुरे.

चौथी पायरी मल्टिमीटरची. अ‍ॅडॅप्टर संचावरून काढून त्याच्या एका तोंडाच्या मध्यापासून दुसऱ्या तोंडाच्या मध्यापर्यंत मोजावे. तेथे मीटर वाजला पाहिजे. बाहेरच्या अंगापासून बाहेरच्या अंगापर्यंतही वाजला पाहिजे. मध्यापासून अंगापर्यंत मात्र वाजता कामा नये. मोजताना अ‍ॅडॅप्टर हलकेच हलवावा; आवाज तुटत असेल तर तो तुकडा बाद. ही मोजणी अँटेना अलग करूनच करावी, कारण काही अँटेना रचनेनेच मीटरला मध्य व अंग एक दाखवितात आणि नसलेला दोष दिसू लागतो. आणखी एक गोष्ट: पाकळ्या फाकल्या असतील तर मीटरची जाड सळई त्यांना टेकते आणि सर्व ठीक असल्याचा भास होतो. म्हणून तेथे संचाच्या पिनेएवढीच बारीक पिन घालून ती सैल जाते का, हे पाहावे.

पाचवी पायरी, उपलब्ध असल्यास, एसडब्ल्यूआर मीटरची. संच सर्वांत कमी शक्तीवर ठेवून अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावावा. आकडा दीडच्या आत असेल तर जोड चांगला. तीनच्या वर गेल्यास थांबावे. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर वाईट असेल, तर दोष पुढे केबलीत किंवा बांबूवर.

‘अ‍ॅडॅप्टर शक्ती खातो’ अशी एक समजूत आहे. चांगला अ‍ॅडॅप्टर या पट्ट्यात जवळपास काहीच खात नाही. खाते ती केबल: आरजी-५८ जातीच्या १० मीटर केबलीत एक तृतीयांशाहून थोडी अधिक शक्ती जाते. अ‍ॅडॅप्टर बिघडला, तर मात्र सगळीच जाते.

निगेविषयी दोन शब्द. जाड केबल संचाच्या माथ्यावर थेट टांगू नये. आतला कनेक्टर सर्किटच्या पाटीवर डागलेला असतो. तिरप्या भाराने तो डागही तडकतो. आता वाडीत संच व जाड केबल यांच्यामध्ये हातभर बारीक, लवचिक केबल आहे आणि जाड केबल भिंतीला खिळ्याने बांधली आहे. संच कोठेही हलविला तरी ओढ जोडावर येत नाही. एसएमएचे आटे रोज उघडझाप करण्यासाठी नाहीत. चांगल्या प्रतीच्या कनेक्टरचे आयुष्यही सुमारे ५०० जोडण्यांचे धरतात. म्हणून एसएमएवर बीएनसीचा अ‍ॅडॅप्टर कायमचा बसवून रोजची जोडणी त्या पाव फेरीच्या बीएनसीवर करावी. बाहेरच्या जोडावर पाणी रोखणारी रबरी पट्टी गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून जाते.

या वर्षी आम्ही शाळेच्या कार्यशाळेला एक पेटी देत आहोत. तीत मल्टिमीटर, भिंग, डमी लोड, बीएनसी व एसएमएचे तुकडे आणि वरील पाच पायऱ्यांचा तक्ता आहे. परवान्यावाचून कोणीही हवेत बोलू नये, हे झाकणावरच लिहिले आहे. पण जोड तपासायला परवाना लागत नाही. वाडीतला तो जुना अ‍ॅडॅप्टरही लाल धागा बांधून याच पेटीत ठेवला आहे. नव्या मुलांपुढे चार चांगल्या तुकड्यांत धाग्यावाचून तो मिसळावा आणि कोणता दोषी ते शोधायला सांगावे. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेले मीटर वा केबली असतील त्यांनी त्या कार्यशाळेत पोहोचत्या कराव्यात. आणि ज्या पालकांच्या वाड्या उतारावर आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वी आमच्याशी बोलावे. सात वाजताच्या हजेरीत आणखी एका वाडीची भर घालता येईल.