मर्फीची गुणगुण

बंगळूर

प्रिय काका,


आवाज पार बारीक केला तरी तुमच्या मर्फी रेडिओची गुणगुण तेवढीच राहते, हे तुम्ही कळवलंत ते फार कामाचं आहे. असं होतं तेव्हा दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये असतो. आपली वीज 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लहरी घेतो, म्हणून मागे 100 हर्ट्झची घूं उरते. ती गिळायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. इतक्या जुन्या सेटमध्ये तो सुकलेला नसेल तरच नवल!

म्हणून कळकळीने सांगतो, सेट पुन्हा थेट सॉकेटला लावू नका. कंडेन्सर शॉर्ट झाला की आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह जातो, मग ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल. ट्रान्सफॉर्मर मात्र रिवाइंड करून घ्यावा लागतो.

जाणते कारागीर सेट आधी सिरीज बोर्डावर घेतात. 60 वॉटचा साधा तारेचा बल्ब (एलईडी चालत नाही) सेटच्या वाटेत जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भक्क पेटूनच राहिला तर बंद करून रेक्टिफायर उपसायचा आणि पुन्हा बघायचं. आता मंदावला, तर खोट त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे. नाही मंदावला, तर संशय ट्रान्सफॉर्मरवर.

एक मात्र आधी बघा. रेक्टिफायरवर यूवाय85 लिहिलेलं असेल, तर तो बिनट्रान्सफॉर्मरचा एसी-डीसी सेट. त्याची चासीच मेनला जोडलेली असते. तो उघडूच नका.

या व्हॉल्व्हशी बंगळूरचं जुनं नातं आहे. 1954 साली जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स ('बेल') उभी राहिली आणि 1961पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. ठाण्याच्या मर्फीच्या काळातल्या देशी सेटमध्ये 'बेल'चा शिक्का असलेले व्हॉल्व्ह आजही सापडतात. त्यातला रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून 1एन4007 डायोड बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हॉल्व्ह सावकाश तापतो, तोवर बाकीचेही तयार होतात. डायोड पहिल्या क्षणीच पूर्ण दाब कंडेन्सरवर टाकतो. मोठा कंडेन्सर घातला की गुणगुण जाईल हाही भ्रम. ईझेड80 रेक्टिफायरला पहिल्या कंडेन्सरच्या जागी 50 मायक्रोफॅरडहून जास्त सोसत नाही.

रेक्टिफायरवरचा नंबर आणि कंडेन्सरवरचे मायक्रोफॅरड-व्होल्ट कळवा. इथल्या एस. पी. रोडवरून तसाच घेऊन कुरियर करतो. काकूला नमस्कार.

तुमचा पुतण्या